मॅचलेस जी३एलवर अमाल कॉन्सेंट्रिक ६२६: प्लग काळा, स्लोला धूर, एअर स्क्रू फिरवून फरक शून्य

खानापूर_३५०

नमस्कार मंडळी. गाडी मॅचलेस जी३एल, ३४७ सीसी, युद्धकाळातली. इंजिनाचं काम झालेलं आहे, कॉम्प्रेशन चांगलं, टॅपेट पुस्तकाप्रमाणे. मूळचा कार्बोरेटर गाडीवर नाही. त्याजागी अमाल कॉन्सेंट्रिक ६२६ बसवलेला मिळाला. आधी कुठल्या गाडीवर होता ते कळायला मार्ग नाही. चोकची स्लाइड आणि केबल दोन्ही आहेत.

त्रास असा. १५-२० किलोमीटर गेलं की प्लग कोरड्या काजळीने काळाकुट्ट होतो. स्लोला सायलेन्सरातून काळसर धूर आणि पेट्रोलचा वास. ४५-५० च्या स्थिर वेगाला इंजिन एकसारखं ठोके देत नाही, मध्येच एखादा ठोका गिळतं. थ्रॉटल जवळजवळ पूर्ण उघडला तर मोकळं होऊन ओढतं, पण सायलेन्सर काळाच. अ‍ॅव्हरेज लिटरला १९-२०. स्लोवर ठेवायला थ्रॉटल स्टॉपचा स्क्रू बराच आत न्यावा लागतो, आणि एअर स्क्रू पूर्ण आत किंवा तीन फेरे बाहेर, दोन्हीकडे इंजिनाला काही पडलेलं नाही. साइड स्टँडवर तोटी चालू राहिली तर टिकलरमधून (कार्बोरेटरची वाटी भरायला दाबायच्या बटनातून) पेट्रोल पाझरतं.

आत आहे ते असं: मेन जेट २२०, नीडल जेटवर १०६ असा शिक्का, स्लाइड ३½, नीडलची क्लिप मधल्या खाचेत. इथल्या एका गॅरेजात मेन जेट १८० घालून बघितला, फक्त वरचा वेग कमी झाला, काजळी तशीच. म्हणून परत २२० घातला. पुढे काय करू? खानापूर-जांबोटी रस्त्यावर रोजचं चालवणं आहे.

उद्यमबाग_टर्नर

मेन जेट बदलून काजळी गेली नाही, हीच तुमची सगळ्यात कामाची माहिती. जेटचा डबा तूर्त बाजूला ठेवा.

कॉन्सेंट्रिकमध्ये कुठला भाग कधी बोलतो ते आधी पक्कं करू. थ्रॉटल बंद ते अष्टमांश: पायलट (स्लोचं पेट्रोल देणारी बारीक वाट) आणि एअर स्क्रू. अष्टमांश ते पाव: स्लाइडच्या खालचा कापलेला भाग, म्हणजे कटअवे. पाव ते पाऊण: नीडल (स्लाइडला लटकणारी निमुळती सुई) आणि नीडल जेट. पाऊणच्या पुढे: मेन जेट. ४५-५० च्या वेगाला तुमचा थ्रॉटल पावाच्या आसपास असणार, तिथे मेन जेट १८० असो की २२०, इंजिनाला त्याची खबरही नसते. ग्रिपवर पांढरी टेप लावून बंद, पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करून घ्या. अंदाजाने "थोडा उघडला" म्हणण्यात लोक हमखास चुकतात.

तुमची लक्षणं मिळून मला तीन दोष दिसतात, एक नाही. म्हणूनच एक-एक बदलून गुण येत नाही.

पहिला, पेट्रोलची पातळी. टिकलरमधून पाझरणं म्हणजे फ्लोट वेळेवर तोंड बंद करत नाही. पातळी वर असली की पेट्रोल जेटच्या तोंडाशी आधीच उभं असतं, थोड्याशा ओढीनेही जास्त चढतं, आणि मिश्रण प्रत्येक थ्रॉटलला रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) होतं. म्हणून पातळी नीट केल्याशिवाय बाकी काहीही जुळवणं म्हणजे वाकड्या पट्टीने मोजणं.

पातळी गाडीवरच बघता येते. पेट्रोलची नळी खालच्या वाटीलाच जोडलेली असते, त्यामुळे वाटीचे दोन स्क्रू काढून वाटी खाली घ्या, नळी तशीच राहू द्या. वाटी हातात सपाट धरा, तोटी उघडा. पेट्रोल चढून आपोआप थांबेल. वाटीच्या वरच्या कडेपासून पेट्रोल ५.३ मिमी खाली हवं, एक मिमी इकडेतिकडे चालेल. तुमच्याकडे बहुधा दोन-अडीच मिमीच निघेल. थांबलंच नाही, तर फ्लोटची सुई आणि तिची पितळी सीट बसत नाहीत. इंजिन गार असताना करा, खाली कापड धरा, आणि विडी ओढणाऱ्याला लांब पाठवा.

जुनी पांढरी नायलॉनची सुई असेल तर ती बदलाच. तिच्या टोकाला सीटचा गोल वळ पडलेला असतो, नखाला लागतो. व्हायटन रबराच्या टोकाची अ‍ॅल्युमिनियमची सुई घ्या. फ्लोट जुना पांढरा असेल तर कानाशी हलवून बघा, आत पेट्रोल खळखळलं तर तो गेला. नव्या स्टे-अप फ्लोटची धातूची पट्टी हलकेच वाकवून पातळी बसवता येते, जुन्या प्लास्टिकच्याला ती सोय नाही. कोरडं माप हवं असेल तर सुई बंद असताना फ्लोटची वरची बाजू वाटीच्या कडेपासून २ मिमी खाली.

जुनाच फ्लोट ठेवायचा असेल तर सीट सरकवावी लागते. ती वाटीत दाबून बसवलेली आहे. वाटी उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, मग बेताच्या जाडीच्या लाकडी किंवा पितळी दांडीने हळू ठोका. सीट वर आली की सुई लवकर बंद होते, म्हणजे पातळी खाली जाते. थंड वाटीवर हातोडी चालवलीत तर तिला तडा जातो.

दुसरा दोष पायलट. एअर स्क्रूने काहीच फरक पडत नाही आणि स्टॉप स्क्रू खूप आत, ही जोडी दिसली की पायलटचं भोक बुजलंय असं समजायचं. लोकांना वाटतं पायलट बुजला तर गाडी लीन (पेट्रोल कमी) व्हायला हवी, मग रिच कशी? होतं असं की स्लोचं पेट्रोल मिळत नाही म्हणून आपण स्लाइड वर उचलून ठेवतो. इंजिन मग स्लोलाच नीडल जेटवर चालायला लागतं, तिथून माप न ठेवता पेट्रोल येतं आणि काळा धूर निघतो. एअर स्क्रूचा या रस्त्याशी संबंधच राहत नाही.

६२६ च्या बऱ्याचशा बॉडींत पायलट जेट सुटा नसतो. एअर स्क्रूच्या भोकातून सरळ आत, बॉडीत कायमचा दाबलेला छोटा बुश असतो, त्याचं भोक ०.०१६ इंच, म्हणजे ०.४ मिमी. एअर स्क्रू आणि त्याची ओ-रिंग काढा. कार्ब क्लीनरच्या डब्याची बारीक नळी त्या भोकात घट्ट लावून फवारा. बोअरच्या तळाशी इंजिनाच्या बाजूला दोन टिंबाएवढी भोकं आहेत, एक स्लाइडच्या पुढे, एक स्लाइडच्या खाली. दोन्हींतून धार यायला हवी. येत नसेल तर गिटारची १६ नंबरची साधी पोलादी तार सरळ आत घालून फिरवा. ती बरोबर ०.०१६ इंचाची असते. ताराही दोन प्रकारच्या मिळतात, गुंडाळलेली घेऊ नका. ड्रिल मशीन लावायचं नाही, बुश मोठा झाला तर परत लहान होत नाही. नंतर डोळ्याला चष्मा लावून कॉम्प्रेसरची हवा.

अजून एक. काही बॉडींच्या तळाला सुट्या पायलट जेटचे आटे असतात, पण जेट नसतो, कारण आत बुश आहे. ते मोकळे आटे बघून कुणीतरी हौसेने जेट घालतं. मग एकामागे एक दोन अडथळे होतात. तुमच्यात तसं आहे का बघा.

तिसरा दोष पाव ते अर्ध्या थ्रॉटलचा, म्हणजे नीडल जेट. शिक्का १०६ आहे, पण तो जेट जन्मला तेव्हाचा. १०६ म्हणजे ०.१०६ इंच, २.६९ मिमी. नीडल हलत राहते, जेटच्या तोंडाला घासते, भोक लांबट होतं. पेट्रोल जातं ते नीडल आणि जेट यांच्यातल्या बारीक कड्यातून. नीडलने बहुतेक भोक भरलेलं असल्यामुळे जेट एका थाउने (इंचाच्या हजाराव्या भागाने) मोठा झाला तरी ते कडं चांगलंच रुंदावतं. ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत दांडा घालून बघा: २.७ मिमीचा जेमतेम शिरेल किंवा अडेल, २.७५ चा आत गेला तर जेट भंगारात. भोक लांबट झालंय का हे दांडा सांगत नाही, त्यासाठी भिंगातून उजेडाकडे धरा. ही वस्तू इतकी स्वस्त आहे की संशय आला तरी बदलावी. नीडलही बरोबरच बदला, तिच्या अंगावर चमकदार पट्टा पडलेला असतो.

खोलताना हेही बघा: नीडल जेट होल्डरमध्ये घट्ट होता का, होल्डर बॉडीत घट्ट होता का, मेन जेट ढिला होता का. ढिल्या आट्यातून पेट्रोल जेटला वळसा घालून वर जातं. घट्ट करतानाही पितळ आहे हे विसरू नका.

जुनं_लोखंड_निपाणी

वरचं सगळं बरोबर आहे. पण ते करण्याआधी अर्धा तास मॅग्नेटोला, म्हणजे ठिणगी तयार करणाऱ्या यंत्राला द्या. ठिणगी कमजोर असली तर पेट्रोल अर्धवट जळतं आणि प्लग तसाच काळा होतो. मध्ये ठोका गिळणं हे दोन्हीकडचं लक्षण आहे.

पॉइंटची फट ०.०१२ इंच. पॉइंट तेलकट असतील तर कोऱ्या कागदाची पट्टी पेट्रोलात भिजवून ओढा, पॉलिश पेपर नको. प्लगची फट मॅग्नेटोच्या गाडीला ०.०१८ ते ०.०२० इंचच. बॅटरी-कॉइलच्या गाडीसारखी २५ थाउ ठेवली तर किकच्या वेगाला मॅग्नेटोचा जीव पुरत नाही. प्लग १४ मिमी, छोट्या आट्याचा, एनजीके बी६एचएस चालतो. लांब आट्याचा घातलात तर पिस्टन त्याला भेटायला येईल. एकदा काजळलेला प्लग पुसून विश्वासाने वापरू नका, तपासणीसाठी नवाच घ्या.

हँडलवरच्या अ‍ॅडव्हान्स-रिटार्डच्या लिव्हरची केबल बघा. केबल ताणली किंवा अडकली की लिव्हर पूर्ण अ‍ॅडव्हान्सला दिसते, पण मॅग्नेटोवरची रिंग अर्ध्यात असते. टायमिंग मागे राहिलेलं इंजिन तापतं, ओढत नाही, आणि त्याला लोक बिनदिक्कत "रिच" म्हणतात. लिव्हर हलवताना खाली रिंग शेवटपर्यंत जाते का ते दुसऱ्या माणसाला बघायला लावा.

गाडी तापल्यावर अर्ध्या तासाने बिघडत असेल आणि गार झाल्यावर सुधारत असेल, तर मॅग्नेटोचा कंडेन्सर संशयित. गार असतानाही पहिल्या पाच मिनिटांत काळा धूर असेल तर टर्नर म्हणतात तसं कार्बोरेटरच.

काजळीही ओळखून घ्या. बोटाने पुसली जाणारी, मखमली, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल. ओली, चमकणारी, चिकट म्हणजे ऑइल, त्याला जेट बदलून उपाय नाही.

आणि खरंच रिच आहे का, याची फुकटची परीक्षा तुमच्या हँडलवरच आहे. ४५ च्या वेगाला थ्रॉटल स्थिर ठेवून चोकची स्लाइड थोडी खाली सोडा. इंजिन आणखी गुदमरलं तर रिच. सुधारलं तर लीन, आणि मग वरचा सगळा विचार उलटा करायचा.

चोर्ला_घाट_रायडर

पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे झालं असेल का? आता सगळीकडे ई२०च (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं. शिवाय बेळगाव उंचावर आहे. मेन जेट अजून कमी करावा लागेल असं वाटतं. नाहीतर सरळ बुलेटचा मिककार्ब कार्बोरेटर लावून मोकळे व्हा की ओ.

उद्यमबाग_टर्नर

इथेनॉलने मिश्रण रिच होत नाही, लीन होतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. साध्या पेट्रोलला जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई२०ला साधारण साडेतेरा पट. जेट तेच ठेवले तर ई२०वर इंजिन सुमारे ८ टक्के लीन चालतं. म्हणजे यांची गाडी ई२०वर असूनही काळी होतेय, हे उलट जास्त काळजीचं. ई२० नुकसान करतं ते दुसरीकडे: जुनी वॉशरं, नळी, फ्लोट, सुई यांना फुगवतं किंवा मऊ करतं, आणि पावसाळ्यात दमट हवेतलं पाणी शोषतं. खानापूर-जांबोटीचा पाऊस माहीत असेलच. गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करून ठेवा. पायलटचं ०.४ मिमीचं भोक बुजतं ते असल्या उभ्या पेट्रोलाच्या पांढऱ्या-हिरव्या खारटाण्यानेच.

उंचीचं म्हणाल तर बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर, अडीच हजार फूट. अमालच्या सूचनेत ३,००० फुटांपर्यंत जेट बदलायची गरज नाही, ३,००० ते ६,००० फुटांसाठी मेन जेट ५ टक्के कमी. एवढ्या उंचीला हवा विरळ झाल्याने मिश्रण तीन-चार टक्के रिच होतं खरं, पण ई२० त्याच्या दुप्पट लीन करतंय. चोर्ला घाट उतरून गोव्याला गेलात तर आणखी थोडी लीन. हिशोब जेट वाढवण्याकडे झुकतो, कमी करण्याकडे नाही.

तरीही २२० हा ३५० च्या सिंगलला मोठाच आहे. हा कार्बोरेटर दुसऱ्या, मोठ्या तहानेच्या इंजिनावरून आलाय असं दिसतं. १७० किंवा १८० पासून सुरुवात करावी, ई२०चा विचार करता १८०. पण सगळ्यात शेवटी नाही, पातळी दुरुस्त झाल्यावर लगेच. अमालचा क्रमच असा आहे: मेन जेट, पायलट, कटअवे, नीडल, परत पायलट. पुढचं प्रत्येक माप मागच्यावर उभं असतं.

कार्बोरेटर कुठून आला माहीत नाही म्हणता, तर नीडल काढल्यावर वरच्या टोकाला बघा. साध्या फोर-स्ट्रोक नीडलला दोन बारीक रेघा कोरलेल्या असतात. टू-स्ट्रोकची नीडल, जेट आणि आतली स्प्रे ट्यूब वेगळी. टू-स्ट्रोकचा संच फोर-स्ट्रोकवर बसतो, चालतो, आणि कधीही जुळत नाही.

मिककार्ब वाईट नाही. पण त्याचे जेटचे नंबर अमालशी मिळत नाहीत, त्याचा ९० म्हणजे अमालचा ९० नव्हे. शिवाय अ‍ॅडॉप्टर, वेगळी केबल, आणि परत हेच सगळं जुळवणं. दोष न शोधता कार्बोरेटर बदलला तर मॅग्नेटोचा दोष नव्या कार्बोरेटरच्या नावावर जमा होतो.

खानापूर_३५०

सगळ्यांचे आभार. सांगितलं तसं मोजलं, आकडे देतो.

मॅग्नेटो: पॉइंट १८ थाउवर होते, १२ केले. प्लग नवा बी६एचएस, फट २०. स्टार्टिंग सुधारलं, काजळी कायम. चोकची स्लाइड थोडी सोडल्यावर लगेच गुदमरतं. म्हणजे रिच पक्कं.

पातळी: कडेपासून २ मिमी. सुई पांढरी, टोकाला वळ. नीडल जेट: २.७५ चा दांडा आत गेला. नीडलला दोन रेघा आहेत. पायलट: एकाच भोकातून धार आली, स्लाइडच्या पुढच्या, इंजिनाकडच्या भोकातून काहीच नाही. तळाला जेटचे आटे आहेत, मोकळे.

अजून एक दिसलं. कार्बोरेटरच्या फ्लँजवर (इंजिनाला जोडायच्या सपाट तोंडावर) लोखंडी पट्टी धरली तर मध्ये फट आहे, १० थाउचा फीलर सहज जातो. याने काय होतं? वस्तू मागवल्यात: सुई, स्टे-अप फ्लोट, १०६ चा नवा जेट, नवी नीडल, १८० मेन जेट, ओ-रिंगा.

उद्यमबाग_टर्नर

फ्लँज बघितलात हे फार बरं केलं, नाहीतर पुढच्या आठवड्यात दुसरा धागा निघाला असता.

कॉन्सेंट्रिकचा हा जुना रोग आहे. दोन नट पाना लांब धरून आवळले की मऊ बॉडीचे कान इंजिनाकडे वाकतात. मधली ओ-रिंग मग पुरी दबत नाही आणि बाहेरची हवा आत शिरते. बॉडी वाकल्यामुळे स्लाइडही अडकायला लागते. आतापर्यंत गाडी इतकी रिच होती की ही गळती झाकली गेली. पातळी आणि जेट नीट केलेत की गळती उघडी पडेल, आणि तुम्हाला वाटेल नवीन वस्तूंनी बिघडवलं.

जाड काचेवर २४० नंबरचा पॉलिश पेपर, थोडं पाणी, आणि फ्लँज सपाट दाबून इंग्रजी आठाच्या आकारात फिरवा. पाचसहा फेऱ्यांनी बघत जा. सगळीकडे एकसारखी घास दिसली की थांबायचं. ओ-रिंगच्या खाचेची खोली शेवटी मोजा. रिंग फ्लँजच्या वर साधारण अर्धा मिमी राहायला हवी. खाच उथळ झाली तर रिंग बॉडी उचलून धरते आणि परत कान वाकतात. खाच परत खोल करायची तर बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर होईल, पण बॉडी चकमध्ये पकडायची नाही, फेस प्लेटवर बांधायला सांगा. सगळं घासण्याआधी बॉडी मोकळी करा आणि नंतर पेट्रोलात धुऊन हवा मारा, नाहीतर घासलेली पूड थेट पायलटात.

जोडताना फ्लँजचे नट छोट्या पान्याने, आळीपाळीने पाव-पाव फेरा. स्लाइड हाताने वरखाली करत आवळा. ज्या क्षणी ती जड वाटेल तिथे जास्त झालं. हलक्या आवळणीने सुटण्याची भीती वाटते तर नायलॉनचे नट लावा. मग इंजिन स्लोला ठेवून जोडावर कार्ब क्लीनर किंचित फवारा, आवाज बदलला तर गळती आहे. गरम सायलेन्सरपासून जपून.

पहिली सेटिंग: एअर स्क्रू दीड फेरा बाहेर, नीडलची क्लिप मधल्या खाचेत, मेन १८०. चोकची लिव्हर पूर्ण उघडी असताना चोकची स्लाइड पूर्ण वर ओढली जाते ना ते बघा. केबल ढिली असली की चोकची स्लाइड थोडी खाली लटकते आणि गाडी रिच होते. टिकलरचं बटन दाबून सोडल्यावर उसळून वर येतं ना, तेही बघा. अडकलेलं बटन फ्लोटला खाली दाबून ठेवतं, मग नवी सुई काय करणार.

इंजिन पूर्ण तापल्यावर स्टॉप स्क्रूने स्लो जरा जास्त ठेवा, एअर स्क्रू हळू फिरवत इंजिन सगळ्यात जलद आणि एकसारखं चालेल तिथे थांबा, मग स्टॉप स्क्रू बाहेर घेत स्लो उतरवा. असं दोनदा. स्क्रू आत म्हणजे रिच, बाहेर म्हणजे लीन, कारण तो हवेचा स्क्रू आहे. नव्या गाड्यांवर हात बसलेले मेकॅनिकही इथे घोटाळा करतात, कारण काही नव्या गाड्यांत तो पेट्रोलचा असतो आणि सगळं उलट चालतं.

खानापूर_३५०

झालं. पातळी आता ५ मिमी, दोन्ही भोकांतून धार, फ्लँज सपाट, गळती नाही. एअर स्क्रू सव्वा फेऱ्यावर बसला आणि आता त्याचा फरक स्पष्ट कळतो. स्टॉप स्क्रू तर जवळजवळ बाहेरच आला. काळा धूर गेला, ५० ला इंजिन एकसारखं.

दोन गोष्टी उरल्या. स्लोवरून थ्रॉटल पटकन उघडला तर कार्बोरेटरातून "फट" असा एक शिंक येतो, मग उचलते. एअर स्क्रू अर्धा फेरा आत घेतला तर शिंक कमी होतो पण स्लो बिघडतो. आणि सकाळी पहिल्या किकला निळसर धूर, दोनेक मिनिटांत जातो.

उद्यमबाग_टर्नर

शिंक म्हणजे अष्टमांश ते पाव या टप्प्यात लीन. तिथला मालक कटअवे. तुमची स्लाइड ३½ आहे. हा आकडा इंचाच्या सोळाव्या भागात मोजतात आणि तो जितका मोठा तितकी हवा जास्त. ३ नंबरची स्लाइड घाला. आधी जेट घासलेला आणि पातळी वर असल्यामुळे ३½ खपून जात होती, शिवाय आता ई२० आहे. एअर स्क्रूने हे झाकू नका, स्लोला रिच आणि पुढे लीन असा खेळ होतो. ३ नंबरने शिंक गेला पण पावाच्या पुढे जड वाटलं तर क्लिप एक खाच वर न्या. क्लिप वरच्या खाचेत म्हणजे नीडल खाली, म्हणजे लीन. स्लाइड घेताना कडक अ‍ॅनोडाइझ केलेली अ‍ॅल्युमिनियमची मिळाली तर ती घ्या, जुन्या झिंकच्या स्लाइडसारखी बॉडीला चिकटत-घासत नाही.

मेन जेटची परीक्षा राहिलीय, ती स्लाइड बदलण्याआधी करा. वंटमुरी घाटात नको, मोकळ्या सपाट रस्त्यावर, नव्या प्लगवर. तिसऱ्या गिअरात पूर्ण थ्रॉटलने एक किलोमीटर, मग क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद, थ्रॉटल बंद करत स्लोवर येऊ द्यायचं नाही. मॅग्नेटोला कट-आउट बटन नसेल तर या कामापुरतं लावून घ्या. पोर्सेलीनच्या मुळाशी, खोल आत, फिकट करडी-तपकिरी कडी दिसायला हवी. पूर्ण पांढरं असेल तर १९०, काळं असेल तर १७०. ई२०वर रंग एरवीपेक्षा फिकाच दिसतो, त्यामुळे पांढऱ्याला लगेच घाबरू नका. वरच्या वेगाला थ्रॉटल किंचित कमी केल्यावर गाडी जास्त ओढते का हेही बघा. ओढली तर मेन जेट लहान पडतोय.

जुनं_लोखंड_निपाणी

निळा धूर कार्बोरेटरचा नाही. मॅचलेसच्या हेडवर इनलेट व्हॉल्व्हच्या गाइडला ऑइल देणारा एक छोटा स्क्रू असतो, लॉकनटसह. तो पूर्ण बंद करून साधारण एक षष्ठांश फेरा उघडायचा, तेवढंच. कुणीतरी तो अर्धा फेरा उघडून ठेवलेला असतो. ऑइल गाइडमधून खाली उतरतं आणि सकाळी निळा धूर निघतो. पूर्ण बंदही ठेवू नका, गाइड कोरडी पडून चिरचिरते. तेवढ्याने धूर गेला नाही तर रात्रभरात टाकीतलं ऑइल क्रँककेसमध्ये उतरतंय का बघा: सकाळी सुरू करण्याआधी क्रँककेसचा ड्रेन प्लग काढून किती निघतं ते मोजा. कपभर निघालं तर ऑइल पंपाकडे वळा.

खानापूर_३५०

स्क्रू पाऊण फेरा उघडा होता. एक षष्ठांशवर आणला. ३ नंबरची स्लाइड कोल्हापूरहून येतेय, बसवल्यावर प्लगचा फोटो टाकतो.